दुष्काळग्रस्तांसाठी सातासमुद्रापलीकडून धान्य पाठविणारे श्रावक : वीरचंद राघवजी गांधी

शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधित्व करणारे विद्वान म्हणून वीरचंद राघवजी गांधी यांचे नाव आपल्या समाजात आदराने घेतले जाते. परंतु त्यांच्या अल्पायुषी जीवनातील दुष्काळ-निवारणाचे कार्य त्या मानाने कमी लोकांना ज्ञात आहे. आपत्तीच्या वेळी धर्मसमाजाने काय करावे याचा वस्तुपाठच त्यात सापडतो.

वीरचंदजींचा जन्म २५ ऑगस्ट १८६४ रोजी सौराष्ट्रातील महुवा येथे झाला. उच्च शिक्षणासाठी ते मुंबईस आले आणि १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून सन्मानपूर्वक बी. ए. झाले. दुसऱ्याच वर्षी, अवघ्या एकविसाव्या वर्षी, जैन असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले. शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवर पालिताणा संस्थानाने बसविलेल्या कराचा प्रश्न तेव्हा चिघळला होता. १८८६ मध्ये तडजोड घडून आली. प्रत्येक यात्रेकरूकडून कर घेण्याऐवजी संस्थानास वर्षाला १५,००० रुपये, याप्रमाणे ४० वर्षे द्यावयाचे ठरले. पुढे सम्मेतशिखरजीच्या पवित्र पहाडावर डुकरांची चरबी काढण्याचा कारखाना निघाला, तेव्हा ते कलकत्त्यास राहिले, कागदपत्रे समजावीत म्हणून बंगाली भाषा शिकले आणि तो कारखाना बंद होईपर्यंत न्यायालयात झगडले. भावनेला अभ्यासाची व चिकाटीची जोड देणे हा त्यांचा स्वभावच होता.

सप्टेंबर १८९३ मध्ये शिकागो येथे सर्वधर्म परिषद भरली. निमंत्रण पूज्य आचार्य विजयानंदसूरीश्वरजी अर्थात आत्मारामजी महाराज यांना आले होते. साध्वाचारामुळे त्यांना समुद्रप्रवास शक्य नव्हता. त्यांनी वीरचंदजींना आपल्याजवळ बोलावून सिद्धांतांचे अध्ययन करविले व आपले प्रतिनिधी म्हणून पाठविले. एकोणतीस वर्षांच्या या श्रावकाच्या विवेचनाने परिषद प्रभावित झाली. त्यानंतर अमेरिकेत व इंग्लंडमध्ये त्यांनी शेकडो व्याख्याने दिली. परदेशातही त्यांनी आहारविहाराचे नियम सोडले नाहीत.

मात्र स्वदेशी परतल्यावर त्यांचे सर्वत्र स्वागतच झाले असे नाही. समुद्र ओलांडणे हे त्या काळी धर्मबाह्य मानले जाई. समाजातील काही मंडळींनी त्यांना कडाडून विरोध केला. ज्याने तीर्थांसाठी आपले तारुण्य वेचले, त्यालाच आपल्या माणसांत परका ठरविण्याचा प्रसंग आला होता. आत्मारामजी महाराज त्यांच्या पाठीशी ठामपणे उभे राहिले. वीरचंदजींनीही मनात कटुता न धरता १८९६ मध्ये पुन्हा अमेरिकेची वाट धरली.

त्याच सुमारास हिंदुस्थानावर घोर संकट कोसळले. १८९६-९७ च्या दुष्काळाने संयुक्त प्रांत, मध्य प्रांत, बिहार तसेच आपल्या मुंबई इलाख्यातील काही जिल्हे होरपळून निघाले. मुंबईत तर त्याच काळात प्लेगने थैमान घातले. या वार्ता ऐकून वीरचंदजी केवळ हळहळत बसले नाहीत. शिकागो येथे त्यांनी दुष्काळ-निवारण समिती स्थापन करविली. सर्वधर्म परिषदेचे प्रमुख चार्ल्स बॉनी हे तिचे अध्यक्ष झाले. या समितीच्या द्वारे सॅन फ्रान्सिस्कोहून मक्याने भरलेले जहाज कलकत्त्यास रवाना झाले आणि सुमारे ४०,००० रुपयांची रोख मदतही पाठविण्यात आली.

या घटनेचा अर्थ मोठा आहे. धान्य देणारे हात प्रामुख्याने ख्रिस्ती समाजाचे, त्यांना हाक देणारा श्रावक जैन, आणि ते अन्न ज्यांच्या मुखी पडावयाचे ते नाना जातिधर्मांचे भुकेले जीव. तत्त्वचर्चेसाठी एकत्र आलेल्यांचा स्नेह अन्नदानासाठी उपयोगी पडला. ज्या समुद्रप्रवासासाठी वीरचंदजींना दोष दिला गेला, त्याच प्रवासात जोडलेली माणसे संकटकाळी आपल्या देशबांधवांच्या कामी आली.

७ ऑगस्ट १९०१ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. वयाची सदतीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. भारत सरकारच्या टपाल खात्याने २००२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

पाली व सुधागडच्या आपल्या परिसरालाही निसर्गाच्या कोपाची ओळख आहे. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीला आलेल्या महापुराने जांभूळपाड्यावर केलेला आघात येथील वडीलधाऱ्यांना विसरता येणार नाही. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर घरांची छपरे उडविली आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. अशा वेळी करुणा प्रत्येकाच्या मनात दाटून येते, परंतु तिचे धान्यात, औषधात आणि निवाऱ्यात रूपांतर होण्यासाठी हिशेब ठेवणारी समिती लागते. इतर समाजांशी आधीपासून जोडलेला विश्वासही लागतो, कारण वादळ आल्यावर तो जोडायला वेळ उरत नाही. वीरचंदजींनी शिकागोत तो विश्वास आधी कमावला होता, म्हणूनच धान्याचे जहाज निघू शकले. अनुकंपा हा सम्यक्त्वाच्या लक्षणांपैकी एक गुण आपल्या शास्त्रांनी सांगितला आहे. या श्रावकाने तो आचरणात आणून दाखविला. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.