दीर्घिकांचं वय ओळखणारी बिआट्रिस

सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये अंबरनाथ, उल्हासनगरला चढणाऱ्या बायकांच्या गर्दीत उभी असले की मला हटकून खगोलशास्त्रज्ञ बिआट्रिस टिन्स्ली आठवते. तीही अशीच ये-जा करणारी! फक्त तिचा प्रवास अमेरिकेतल्या डलास ते ऑस्टिनचा, एका बाजूने सुमारे 300 किलोमीटर.

तिचा जन्म 1941 सालचा, इंग्लंडमधला. वाढली न्यूझीलंडमध्ये. पदार्थविज्ञान शिकत असतानाच विसाव्या वर्षी लग्न झालं. नवराही शास्त्रज्ञ. 1963 मध्ये त्याला डलासला नोकरी लागली, ही मागोमाग गेली. घरी बसवेना म्हणून ऑस्टिनच्या विद्यापीठात नाव घातलं आणि 1966 मध्ये पीएच.डी. पूर्णही केली.

विषय होता दीर्घिका. आपली आकाशगंगा ही अशीच एक दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांची वस्ती. काही दीर्घिका भिंगरीसारख्या, हात पसरलेल्या. त्यांच्यात वायू शिल्लक असतो, त्यातून नवे निळसर तारे जन्मत राहतात. काही अंड्यासारख्या लांबट-गोल. त्यांच्यातला वायू जवळजवळ संपलेला, म्हणून तारे म्हातारे, तांबूस. काही तर अगदीच वेड्यावाकड्या. दूरच्या दीर्घिकांवरून विश्व मोजताना त्या काळचे मोठमोठे शास्त्रज्ञ धरून चालत, की त्यांचा उजेड कोट्यवधी वर्षं तसाच राहतो. बिआट्रिसने गणित मांडून दाखवलं, तसं नाही. मोठे तारे लवकर विझतात, छोटे मागे उरतात आणि दीर्घिकेचा रंग, तेज वयाप्रमाणे बदलतं. म्हणजे विश्वाचे सगळे हिशेबच पुन्हा तपासायला हवेत! नामवंतांना हे पचायला वेळ लागला. पुढे 1978 मध्ये रिचर्ड लार्सनबरोबर तिने दाखवलं, की दोन दीर्घिकांची टक्कर झाली की नव्या ताऱ्यांचं एकदम पेवच फुटतं.

घरी दत्तक घेतलेली दोन मुलं. संशोधन गाजत होतं, पण डलासमध्ये कायमची जागा काही मिळेना. अखेर 1974 मध्ये तिने घर सोडलं, मुलं वडिलांकडे राहिली आणि 1975 मध्ये ती येल विद्यापीठात रुजू झाली. इथे मी दर वेळी अडखळते. मी आई आहे, मला नसतं जमलं. पण नवऱ्याच्या नोकरीसाठी देश बदलला तेव्हा कुणीच अडखळलं नव्हतं, हेही खरंच ना?

1978 मध्ये ती येलमध्ये खगोलशास्त्राची पहिली स्त्री प्राध्यापक झाली. त्याच वर्षी त्वचेचा कर्करोग निघाला. तरी काम थांबलं नाही. शेवटचा शोधनिबंध पाठवून थोडेच दिवस झाले होते, 23 मार्च 1981 रोजी ती गेली. वय अवघं चाळीस. न्यूझीलंडमधल्या एका डोंगराला 2010 मध्ये तिचं नाव दिलं गेलं.