रॉबर्ट मोग

रॉबर्ट आर्थर मोग (२३ मे १९३४, न्यू यॉर्क – २१ ऑगस्ट २००५, ॲशव्हिल, नॉर्थ कॅरोलिना) हे अमेरिकन अभियंता आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यांचे निर्माते होते. विद्युतदाबाने नियंत्रित होणाऱ्या सिंथेसायझरचे ते एक जनक मानले जातात. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुकला यांनीही स्वतंत्रपणे तशाच यंत्राची निर्मिती केली होती. आडनावाच्या इंग्रजी वर्णांवरून ‘मूग’ असा उच्चार सर्रास केला जातो, परंतु ते स्वतः ‘मोग’ असाच करीत. सिंथेसायझर म्हटले की सामान्यतः कळफलक डोळ्यांपुढे येतो. मोग यांचे सर्वांत मौलिक काम मात्र कळफलकाच्या मागे दडलेल्या फिल्टरचे आहे.

पूर्वायुष्य

मोग यांचे बालपण न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात गेले. वडील वीज कंपनीत अभियंता व हौशी रेडिओचालक होते, तर आई पियानो शिकवीत असे. किशोरवयातच त्यांनी थेरेमिन हे स्पर्शाविना वाजणारे वाद्य घरी तयार केले आणि पुढे वडिलांच्या साहाय्याने थेरेमिन विकण्याचा छोटा व्यवसाय सुरू केला. क्वीन्स कॉलेजात भौतिकशास्त्र आणि कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकल्यानंतर १९६५ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

१९६३ मध्ये संगीतकार हर्बर्ट डॉइच यांची भेट झाली. दोघांच्या सहकार्यातून १९६४ मध्ये पहिला नमुना सिद्ध झाला आणि त्याच वर्षी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात मोग यांनी त्यावर निबंध वाचला. आपण संगीतकार नाही, हत्यारे घडविणारे आहोत, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे त्यांच्या यंत्रांतील अनेक भागांचे मूळ संगीतकारांच्या मागण्यांत सापडते. ध्वनीचा उठाव, टिकाव आणि विराम ठरविणाऱ्या ‘एन्व्हलप’ भागाची रचना व्लादिमिर उसाचेव्हस्की यांच्या सूचनेवरून झाली.

फिल्टर आणि तालवाद्यांचे ध्वनी

या यंत्रासाठी मोग यांनी शिडी-फिल्टर तयार केला. यात ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे एकावर एक रचलेल्या असून पायऱ्यांवर कपॅसिटर जोडलेले असतात. शिडीतून वाहणारा प्रवाह कमी-जास्त केला की मर्यादा-वारंवारता खाली-वर सरकते. या मर्यादेवरील ध्वनीची तीव्रता दर सप्तकाला २४ डेसिबलने घटते, म्हणजे त्याचा आयाम सुमारे एक-षोडशांश होतो. या फिल्टरसाठी त्यांनी १९६६ मध्ये अर्ज केला व १९६९ मध्ये पेटंट मिळाले. संपूर्ण सिंथेसायझरचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नव्हते.

तालवाद्यासारखे ध्वनी घडविताना या फिल्टरचे गुण विशेष स्पष्ट होतात. ढोलाच्या आवाजात ठाम सुरापेक्षा आघात आणि त्यानंतरचा विराम महत्त्वाचा असतो. मोग यांच्या यंत्रात यासाठी सर्व वारंवारतांचा समान भरणा असलेला ‘व्हाइट नॉइज’ उपलब्ध होता. हा गोंगाट केवळ वरच्या वारंवारता जाऊ देणाऱ्या फिल्टरमधून अत्यल्प काळ सोडला, तर हाय-हॅट झांजेसारखा ध्वनी मिळतो. मधला पट्टा राखून विराम थोडा लांबविला, की स्नेअर ड्रमच्या तारांची खरखर ऐकू येते. खर्जातील ढोलासाठी मार्ग वेगळा आहे. फिल्टरचे अनुस्पंदन वाढवीत नेल्यास एका टप्प्यावर तो स्वतःच शुद्ध सूर काढू लागतो. त्या टप्प्याच्या किंचित अलीकडे त्याला क्षणिक विद्युत-स्पंद दिला, तर तो थाप पडलेल्या चामड्याप्रमाणे घुमून विरतो. सूर काढणाऱ्या फिल्टरची मर्यादा एन्व्हलपने झपाट्याने खाली आणल्यास सूर घसरत जाऊन आघाताचा भास होतो. डग्ग्यावर मनगट सरकवून वादक जो घुमारा वळवतो, त्याचाच हा विद्युत-भाऊबंद म्हणता येईल. फक्त येथे मनगटाचे काम बदलता विद्युतदाब करतो.

या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा, दोन्ही डॉना समर यांच्या १९७७ मधील ‘आय फील लव्ह’ या गाण्यात दिसतात. निर्माते जॉर्जो मोरोडर यांनी म्युनिकमध्ये त्याची जवळजवळ संपूर्ण साथ मोठ्या मोग यंत्रावर रचली. हाय-हॅट आणि स्नेअरचे ध्वनी गोंगाटातून घडविले गेले. मात्र बास ड्रमला हवा तसा ठोस आघात यंत्रातून मिळेना, म्हणून तो कीथ फोर्सी यांनी प्रत्यक्ष वाजविला.

प्रसिद्धी आणि कंपनीचे हस्तांतर

वेंडी कार्लोस यांच्या १९६८ मधील ‘स्विच्ड-ऑन बाख’ या ध्वनिमुद्रिकेने मोग हे नाव घरोघरी पोहोचविले. पुढच्याच वर्षी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मोग यंत्र बसविले. १९७० मध्ये आलेला सुटसुटीत मिनीमोग रंगमंचावरील वादकांनी उचलून धरला.

व्यवसायात मात्र मोग यांना यश लाभले नाही. कर्जामुळे १९७१ मध्ये कंपनीची मालकी हातची गेली आणि १९७३ मध्ये ती नॉर्लिन या उद्योगाकडे आली. ढोलावरील आघाताचे विद्युतदाबात रूपांतर करून सिंथेसायझर वाजविणारे ‘११३०’ हे उपकरण मोग नावानेच बाजारात आले, पण तोवर निर्णय इतरांच्या हाती होते. १९७७ मध्ये त्यांनी कंपनी सोडली. स्वतःच्याच आडनावाने वाद्य विकण्याचा हक्क त्यानंतर दीर्घकाळ त्यांच्यापाशी नव्हता.

उत्तरायुष्य

ॲशव्हिल परिसरात त्यांनी ‘बिग ब्रायर’ ही लहान कंपनी काढून पुन्हा थेरेमिन बनविण्यास आरंभ केला. १९९८ मध्ये त्यांनी ‘मूगरफूगर’ या पायपट्ट्यांची मालिका आणली. तिच्यातील पहिले उपकरण शिडी-फिल्टरचेच होते. त्यामुळे गिटार असो वा ढोल, कोणत्याही वाद्याचा ध्वनी सिंथेसायझरविना त्या फिल्टरमधून काढणे शक्य झाले. २००१ मध्ये त्यांना स्वीडनचा पोलार संगीत पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये ‘मोग म्युझिक’ हे नाव परत मिळाल्यावर त्यांनी मिनीमोग व्हॉयेजर हे वाद्य बाजारात आणले.

मेंदूतील अर्बुदामुळे २००५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कागदपत्रे, आराखडे व नमुने २०१३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठास देण्यात आले.