जॉन पोस्टेल: टेलनेट लिहिणारा आणि इंटरनेटचे नंबर सांभाळणारा माणूस

काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं असलेली विंडो तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. तिला टर्मिनल इम्युलेटर म्हणतात. खरा कॉम्प्युटर दूर कुठेतरी असतो, आपल्यासमोर असतो फक्त त्याचा स्क्रीन आणि कीबोर्ड. हे नेटवर्कवरून जमवणाऱ्या टेलनेटमागचं मोठं नाव म्हणजे जॉन पोस्टेल.

पोस्टेल यांचा जन्म १९४३ चा, कॅलिफोर्नियातला. १९६९ मध्ये अर्पानेट सुरू झालं, तेव्हा ते लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शिकत होते. तेव्हापासून नेटवर्कचे नियम सांगणाऱ्या आरएफसी कागदपत्रांचं संपादन त्यांनी शेवटपर्यंत केलं. लांब दाढी आणि पायात सँडल, ही त्यांची ओळख.

तेव्हा प्रत्येक कंपनीचं टर्मिनल वेगळं होतं. टेलनेटने यावर साधा उपाय काढला: दोन्ही बाजूंनी एका काल्पनिक टर्मिनलची भाषा बोलायची, जास्तीच्या सोयी आपसात ठरवायच्या. १९८३ मध्ये पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी आरएफसी ८५४ मध्ये हे नियम पक्के लिहिले.

पण एक गोष्ट राहिली होती: कुलूप! टेलनेटमधून पासवर्ड जसाच्या तसा जातो. वाटेत कोणी ऐकत असेल, तर त्याला तो सरळ वाचता येतो. नेटवर्क छोटं होतं, लोक एकमेकांना ओळखत होते, तोवर हे खपून गेलं.

पोस्टेल यांचं दुसरं काम म्हणजे कुठल्या सेवेला कुठला पोर्ट नंबर, याची नोंद ठेवणं. टेलनेटचा नंबर २३. १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांच्या विद्यापीठात पासवर्ड चोरीला गेले, म्हणून त्यांनी एसएसएच बनवलं आणि नंबर मागितला. पोस्टेल यांच्या ऑफिसातून २२ नंबर दुसऱ्याच दिवशी मिळाला. तो कळवला रेनॉल्ड्स यांनीच! म्हणजे टेलनेटची जागा घेणाऱ्याला शेजारचा नंबर टेलनेटच्याच लेखिकेने दिला.

जानेवारी १९९८ मध्ये पोस्टेल यांच्या सांगण्यावरून १२ पैकी ८ दुय्यम रूट सर्व्हर त्यांच्याकडून माहिती घेऊ लागले. अमेरिकन सरकारने आक्षेप घेतल्यावर ते मागे घेतलं गेलं. एका माणसावर किती अवलंबून आहोत, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला पोस्टेल गेले, वय फक्त ५५. आता ते काम आयकॅन ही संस्था बघते.

टेलनेट मात्र गेलं नाही. आयबीएम मेनफ्रेमचं टीएन३२७० त्याच्यावरच चालतं. म्हणून कंपन्या आता दोन गोष्टी करतात. एक, सेशन टीएलएसमध्ये गुंडाळतात. दोन, सेशनची सेटिंग्ज प्रत्येकाच्या पीसीवर न ठेवता एका सर्व्हरवर ठेवतात: कोणाला कुठल्या मशीनवर जाता येईल, कोण कधी आलं, सगळं एकाच ठिकाणी. नोकरी सोडलेल्या माणसाचा प्रवेश तिथूनच एका झटक्यात बंद होतो. मला यात पोस्टेल यांचाच धडा दिसतो: दार सगळ्यांसाठी सारखं असावं, पण नोंद कोणीतरी नीट ठेवलीच पाहिजे. आणि ते कोणीतरी एकटं नसावं.

जाता जाता: २०१६ मध्ये मिराई मालवेअर उघड्या टेलनेटमधूनच राउटर आणि कॅमेऱ्यांत शिरलं होतं. तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये टेलनेट चालू दिसलं, तर आजच बंद करा आणि कंपनीने दिलेला पासवर्डही बदला.