पोटातली चौदा इंजेक्शनं, लूई पाश्चर आणि फिट

जळगाव-धुळ्याकडच्या पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, कुत्रा चावला की काय करायचं? उत्तर येईल, पोटात चौदा इंजेक्शनं! त्या धाकाने आमच्या पिढीतली पोरं कुत्र्याला खडा मारायलाही कचरत. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक होतं. या पद्धतीचे जनक लूई पाश्चर रेबीजमुळे सर्वांना माहीत आहेत. पण माणसाला फिट का येते, याच्या एका उत्तराचा धागाही त्यांच्याच लशीपर्यंत जातो.

पाश्चर यांचा जन्म 27 डिसेंबर 1822 रोजी फ्रान्समधल्या दोल गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करत. बालपण आर्बुआ गावात गेलं. ते लहान असताना त्या भागात एका पिसाळलेल्या लांडग्याने अनेकांना चावे घेतले. तेव्हा उपाय एकच होता, लोहाराच्या तापल्या सळईने जखम डागणं. ते दृश्य त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

शिक्षणाने ते रसायनशास्त्रज्ञ. डॉक्टर कधीच नव्हते. वाइन का आंबते, दूध का नासतं, याचा शोध घेताना ते सूक्ष्मजंतूंपर्यंत पोचले. घरात मात्र दुःख होतं. पाच मुलांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या, त्यातल्या दोघी विषमज्वराने. 1868 मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना पक्षाघात झाला आणि डावं अंग कायमचं अधू झालं. लशींवरचं त्यांचं मोठं काम यानंतरचं आहे.

रेबीजचा जंतू तेव्हा सूक्ष्मदर्शकातून दिसत नव्हता. पण तो मज्जासंस्थेत वाढतो, हे कळलं होतं. पाश्चर आणि त्यांचे सहकारी एमिल रू यांनी रोगी सशांचे मज्जारज्जू कोरड्या हवेत सुकवून रोगाचं बळ कमी केलं. 6 जुलै 1885 रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्याच्या आईने त्यांच्याकडे आणलं. कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी फाडलं होतं. पाश्चर यांना स्वतः सुई टोचण्याचा अधिकार नव्हता. ते काम डॉक्टरांनी केलं. दहा-अकरा दिवसांत तेरा इंजेक्शनं झाली आणि मुलगा वाचला. 1888 मध्ये पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. पुढे मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन तिथूनच भारतात आले. 28 सप्टेंबर 1895 रोजी पाश्चर यांचं निधन झालं. हाच दिवस आज जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात.

या यशाला एक बोचरी बाजू होती. लस घेतलेल्यांपैकी थोड्या लोकांना काही दिवसांनी लकवा होई. काहींना मेंदूची सूज येऊन झटके येत. यातल्या अनेकांना रेबीज झालेलाच नव्हता. भारतात 1911 मध्ये कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी फिनॉल वापरून जंतू निष्क्रिय केलेली, मेंढीच्या मेंदूची लस तयार केली. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही अशी लस बनत असे. तिच्यामुळे असंख्य जीव वाचले, पण हा धोका पूर्णपणे गेला नाही.

उलगडा 1933 मध्ये अमेरिकेत झाला. टॉमस रिव्हर्स यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क वारंवार टोचला. त्यात रेबीज नव्हताच, तरी काही माकडांना लकवा झाला. परक्या मेंदूविरुद्ध चेतवलेली प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूवर उलटत होती. रात्री केळीच्या बागेत राखणदाराने चोर समजून घरच्याच माणसावर काठी उगारावी, तसा हा प्रकार.

हीच चूक लशीशिवायही होते, हे पुढे कळलं. मेंदूच्या पेशी परस्परांना संदेश देतात, त्या संदेश घेणाऱ्या जागांवरच काहींचं शरीर प्रतिपिंडं तयार करतं. असा एक महत्त्वाचा आजार 2007 मध्ये ओळखला गेला. चांगली बोलणारी-चालणारी तरुण मुलगी अचानक असंबद्ध बोलू लागते, झोपत नाही, मग तिला फिट येऊ लागतात. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. प्रत्यक्षात काही मुलींच्या बीजांडकोशात गाठ सापडते. ती काढून, स्टेरॉईड आणि प्रतिपिंडं आवरणारे उपचार वेळेत दिले, तर बहुतेक रुग्ण सुधारतात. नुसत्या फिटच्या गोळ्यांवर हा आजार आटोक्यात येत नाही. 2017 पासून अपस्माराच्या जागतिक वर्गीकरणात प्रतिकारशक्तीतला बिघाड हे स्वतंत्र कारण मानलं जातं.

आपल्याकडे वारंवार दिसणारं उदाहरण म्हणजे मेंदूतली फीतकृमीची गाठ. ती जिवंत असताना बरेचदा गप्प बसते. ती मरू लागली की प्रतिकारशक्ती तिच्यावर तुटून पडते, आसपास सूज येते आणि पहिली फिट येते.

सगळ्याच फिट अशा नसतात. डोक्याला मार, पक्षाघात, आनुवंशिकता, जन्मावेळची गुदमर अशी कितीतरी कारणं आहेत. पण दिवसांत किंवा आठवड्यांत वागणं बदललं आणि सोबत फिट आली, तर भगताच्या दारात एक दिवसही घालवू नका. फिट आल्यावर चप्पल-कांदा हुंगवू नका. रुग्णाला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर लगेच दवाखाना गाठा.

आणि कुत्रा चावला तर लस टाळू नका. मेंदूपासून बनणाऱ्या लशीचं उत्पादन भारतात 2004 च्या अखेरीस थांबलं. आताची लस पेशींवर वाढवलेली असते, दंडावर टोचतात आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. त्याआधी जखम पंधरा मिनिटं साबणाच्या वाहत्या पाण्याने धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. पाश्चर यांच्या लहानपणी तापल्या सळईशिवाय काही नव्हतं. आपल्याला नळ आणि साबण तरी हाताशी आहे.