नगरचे रेव्हरंड टिळक

कॉन्व्हेंटच्या कॉयरमध्ये आम्ही चार आवाजांत गायचो. ही रीत जुनी आहे. १५२४ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथर आणि योहान वॉल्टर यांनी अनेक आवाजांत गायची भक्तिगीते लोकांच्या भाषेत छापली. लोकांच्या भाषेतलं हेच काम आपल्या बीडशेजारच्या नगरमध्ये (आताचं अहिल्यानगर) रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी केलं, पण स्वतःच्या वाटेने.

त्यांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातल्या करजगावचा, ब्राह्मण घरातला. १८९५ मध्ये ते मुंबईत ख्रिस्ती झाले आणि संसार तुटला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, मग परत आल्या. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या.

तेव्हा चर्चमध्ये बहुतेक भाषांतरित गाणी परक्या चालींवर म्हणत. टिळकांनी तिथे अभंग, ओवी आणि भजन रुजवलं. तुकोबांना त्यांनी सोडलं नाही! 'उपासना संगीत' या पुस्तकात त्यांची दोनशेहून अधिक गीतं आहेत.

१९१९ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट होतं. एकेकाळी दूर गेलेल्या लक्ष्मीबाईंनीच त्याचे चौसष्ट अध्याय लिहिले. १९३८ साली ते छापून आलं, तेव्हा त्याही नव्हत्या.

मित्रांनो, धर्म बदलला तरी माणसाची चाल बदलावी लागत नाही, एवढं मला यातून कळलं.