तमिळ पडद्यावरील मराठी सावित्री : शांता आपटे

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या बोलपटांमुळे देशभर परिचित झालेल्या अभिनेत्री व गायिका शांता आपटे यांनी १९४१ साली ‘सावित्री’ या तमिळ चित्रपटात नायिकेची भूमिका केली. मातृभाषा मराठी असलेल्या या अभिनेत्रीने त्यासाठी तमिळ भाषेचे शिक्षण घेतले आणि संवाद व गाणी स्वतःच्याच आवाजात सादर केली. अभिनय हे कष्टाचे काम आहे आणि ते करणाऱ्याला त्याचा योग्य मोबदला व मान मिळाला पाहिजे, ही भूमिका त्यांनी आयुष्यभर घेतली. तमिळ चित्रपटासाठी त्यांनी केलेली तयारी हा त्याच वृत्तीचा भाग होता.

शांता आपटे यांचा जन्म १९१६ साली सोलापूर जिल्ह्यातील दुधनी येथे झाला. त्यांचे वडील रेल्वेत स्टेशन मास्तर होते. पंढरपूर येथे त्यांचे संगीताचे शिक्षण झाले. भालजी पेंढारकर यांच्या ‘श्यामसुंदर’ (१९३२) या बोलपटात त्यांनी राधेची भूमिका केली. शाहू मोडक त्यात कृष्ण झाले होते. बोलपटाचा तो आरंभीचा काळ होता. पार्श्वगायनाची पद्धत रुळलेली नसल्याने नायिकेला गाता येणे आवश्यक असे. शांताबाईंच्या गळ्याने त्यांना चित्रपटसृष्टीचे दार उघडून दिले.

१९३४ साली व्ही. शांताराम यांच्या ‘अमृतमंथन’मधून त्या प्रभातच्या पडद्यावर आल्या. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघालेल्या या चित्रपटामुळे त्यांचे नाव महाराष्ट्राबाहेर पोहोचले. त्यानंतर ‘अमरज्योती’ (१९३६), ‘वहाँ’ (१९३७) आणि ‘गोपाळकृष्ण’ (१९३८) या चित्रपटांत त्यांनी काम केले. मात्र त्यांची कायमची ओळख ठरली ती १९३७ च्या ‘कुंकू’मधील नीरा. याच चित्रपटाची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ या नावाने प्रदर्शित झाली.

नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात, फसवणूक करून वृद्ध वकिलाशी लग्न लावून दिलेली तरुणी हे लग्न मनाने मान्य करण्यास नकार देते. केशवराव दाते यांनी वृद्ध पतीची भूमिका केली होती. त्या काळी पौराणिक आणि सामाजिक चित्रपटांतील नायिका बहुधा सोशिक असत. नीरा मात्र घरातच राहून, डोळ्याला डोळा भिडवून प्रश्न विचारते. केशवराव भोळे यांचे संगीत असलेल्या या चित्रपटात पार्श्वसंगीताऐवजी दृश्यातील स्वाभाविक ध्वनींचा वापर करण्यात आला होता. त्यामुळे नायिकेचा स्वर आणि उच्चार यांवर प्रेक्षकांचे सारे लक्ष राही. शांताबाईंनी ही जबाबदारी समर्थपणे पेलली.

पडद्यावरील हा करारीपणा लवकरच पडद्याबाहेरही दिसला. १९३९ साली करार आणि वेतनाच्या प्रश्नावरून त्यांचे कंपनीशी मतभेद झाले. त्यांनी प्रभात स्टुडिओच्या प्रवेशद्वाराशीच उपोषण सुरू केले. स्वातंत्र्य चळवळीमुळे उपोषणाचे हत्यार लोकांना परिचित होते, पण एका आघाडीच्या नटीने ते आपल्या मालकांविरुद्ध वापरावे, ही अभूतपूर्व घटना होती. वृत्तपत्रांनी तिची ठळक दखल घेतली. यानंतर शांताबाई प्रभातमधून बाहेर पडल्या.

पुढच्याच वर्षी, १९४० साली, त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. चित्रपटात येऊ इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींच्या मनातला प्रश्नच त्यांनी शीर्षकात घेतला होता. या झगमगाटामागे भांडवल कसे काम करते, कलावंताच्या श्रमाचा वापर कसा होतो आणि नटीकडे समाज कोणत्या नजरेने पाहतो, याची चर्चा त्यांनी त्यात केली. चित्रपट अभिनेत्रीने आपल्या व्यवसायाविषयी इतक्या परखडपणे लिहिण्याचे हे भारतातील आरंभीचे उदाहरण मानले जाते.

या पार्श्वभूमीवर त्यांच्याकडे तमिळ ‘सावित्री’ आला. दक्षिण भारतीय बोलपट आणि महाराष्ट्र यांचे नाते तोवर दहा वर्षांचे झाले होते. दक्षिणेत ध्वनिमुद्रणाच्या सोयी नव्हत्या तेव्हा १९३१ चा ‘कालिदास’ हा पहिला तमिळ बोलपट मुंबईत तयार झाला. प्रभातनेही ‘सीता कल्याणम्’ हा तमिळ चित्रपट निर्माण केला होता. परंतु त्यांत भूमिका करणारे कलावंत प्रामुख्याने दक्षिणेतील होते. मराठी नायिकेने तमिळ प्रेक्षकांसमोर उभे राहून त्यांच्या भाषेत बोलणे आणि गाणे ही वेगळीच कसोटी होती.

‘सावित्री’चे दिग्दर्शक वाय. व्ही. राव हे तेलुगू भाषक होते. १९३४ साली त्यांनी ‘सती सुलोचना’ हा पहिला कन्नड बोलपट दिग्दर्शित केला होता, तर १९३७ च्या ‘चिंतामणी’ने तमिळमध्ये त्यांना मोठे यश मिळवून दिले होते. ‘सावित्री’त सत्यवानाची भूमिका त्यांनी स्वतः केली. नारदाच्या पुरुषी भूमिकेत होत्या मदुराईच्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. या चित्रपटातून मिळालेल्या मानधनाचा उपयोग ‘कल्की’ हे तमिळ साप्ताहिक सुरू करण्यासाठी झाला.

सावित्रीची कथा महाराष्ट्रात वटपौर्णिमेमुळे घरोघरी माहीत आहे. या कथेचा सारा भर शब्दांवर आहे. सावित्री यमाला शस्त्राने जिंकत नाही, ती युक्तिवादाने त्याला निरुत्तर करते. त्यामुळे भाषेवर पकड नसलेल्या अभिनेत्रीचा या भूमिकेत निभाव लागणे अवघड होते. शिवाय त्याच चित्रपटात कर्नाटक संगीतातील असामान्य गायिका गात असताना, हिंदुस्थानी पद्धतीच्या गळ्याने तमिळ पदे म्हणायची होती. शांताबाईंनी सुमारे वर्षभर तमिळचा अभ्यास केला आणि मगच ही भूमिका साकारली. नको असलेल्या पतीला नाकारणारी नीरा आणि पतीसाठी मृत्यूशी वाद घालणारी सावित्री ही वरकरणी दोन टोके वाटतात. आपले म्हणणे ठामपणे मांडणारी स्त्री हा मात्र दोघींमधील समान धागा आहे.

त्यानंतर त्या पुन्हा हिंदी आणि मराठी चित्रपटांकडे वळल्या. ‘जमीनदार’ (१९४२), मास्टर विनायक यांचा ‘सुभद्रा’ (१९४६), भालजींचा ‘वाल्मीकी’ (१९४६) आणि ‘स्वयंसिद्धा’ (१९४९) हे त्यांचे या काळातील काही चित्रपट होत. दरम्यान पार्श्वगायनाचा जम बसला होता. पडद्यावर एक चेहरा आणि ध्वनिमुद्रिकेवर दुसरा आवाज ही रीत झाली आणि गायक-नटांचे युग ओसरू लागले. १९५० च्या दशकात शांताबाईंच्या भूमिकांची संख्या कमी होत गेली. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत अंधेरी येथे त्यांचे निधन झाले.

प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. ज्या आवाराच्या प्रवेशद्वाराशी एका अभिनेत्रीने आपल्या कामाच्या अटींसाठी उपोषण केले, तेथेच देशभरातून आलेल्या नव्या पिढ्यांनी चित्रपटकलेचे शिक्षण घेतले. कलावंतांचे करार, मानधन आणि सुरक्षितता यांविषयी आज चित्रपटसृष्टीत उघडपणे बोलले जाते. शांता आपटे यांनी हे प्रश्न १९३९ मध्येच, एकटीने, सर्वांसमोर मांडले होते.