बाप कानाचा नामांकित डॉक्टर, पोरगा गेला कानाच्या दुखण्यानं: ऑस्कर वाइल्डची गोष्ट आणि तुमचा स्कॅन रिपोर्ट

डोकं दुखतंय म्हणून सीटी स्कॅन काढला. मेंदू नॉर्मल निघाला, जीव भांड्यात पडला. आणि रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत भलतंच: मॅस्टॉइडमध्ये द्रव दिसतोय. दुखतंय डोकं, मग हा कान कुठून आला?

कोल्हापूर असो नाहीतर लंडन, असा कागद हातात पडला की माणूस एकतर घाबरतो, नाहीतर कानाडोळा करतो. दोन्ही चूक. का, ते समजून घ्यायला एका लेखकाचं आयुष्य बघू.

ऑस्कर वाइल्डचा जन्म १६ ऑक्टोबर १८५४ चा, आयर्लंडमधल्या डब्लिनचा. आई कवयित्री. वडील सर विल्यम वाइल्ड डोळ्यांचे आणि कानांचे सर्जन. १८४४ मध्ये त्यांनी डब्लिनमध्ये डोळे-कानांचं हॉस्पिटल काढलं, पुढं कानाच्या शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिलं. कानामागे चीर देऊन पू काढायच्या पद्धतीला आजही त्यांचं नाव आहे. वाहता कान हलक्यात घेऊ नका, हे त्यांचं सांगणं होतं. १८७६ मध्ये ते गेले.

पोरगं डॉक्टर झालं नाही. ऑक्सफर्डला शिकलं आणि लंडन गाजवायला लागलं. 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' ही कादंबरी आली. फेब्रुवारी १८९५ मध्ये 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' हे नाटक रंगमंचावर आलं आणि तुफान चाललं. पण तीनच महिन्यांत सगळं उलटं झालं. समलैंगिक संबंधांच्या आरोपाखाली कोर्टानं त्याला दोन वर्षं सक्तमजुरी ठोठावली.

लंडनच्या वँड्सवर्थ तुरुंगात असताना तो प्रार्थनाघरात पडला आणि उजव्या कानाला मार लागला, असं सांगितलं जातं. नोव्हेंबर १८९५ मध्ये त्याला रेडिंगच्या तुरुंगात हलवलं. कान वाहत होता, ऐकू कमी येत होतं. १८९६ मध्ये त्यानं सरकारकडे अर्ज केला, त्यात कानाची तक्रार होती. पण दुखणं काही गेलं नाही.

मे १८९७ मध्ये तो सुटला. इंग्लंड सोडलं. पैसा नाही, इभ्रत नाही. पॅरिसच्या एका साध्या हॉटेलात राहायला लागला. ऑक्टोबर १९०० मध्ये तिथंच, खोलीतच, त्याच्या कानाचं ऑपरेशन झालं. आराम पडला नाही. शेवटी संसर्ग मेंदूपर्यंत गेला. डॉक्टरांनी त्याचं मूळ उजव्या कानातल्या जुन्या पू होण्यात असल्याचं नोंदवलं. ३० नोव्हेंबर १९०० ला तो गेला. वय ४६.

पुढं बरीच वर्षं त्याच्या मृत्यूचा संबंध सिफिलिसशी जोडला गेला. २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात दोन डॉक्टरांनी सगळी कागदपत्रं तपासून पुन्हा कानाकडे बोट दाखवलं.

आता कान आणि मेंदूचा संबंध काय? कानामागे हात लावा. जे टणक हाड लागतं, ते मॅस्टॉइड. आतून ते पोळ्यासारखं, हवेच्या बारीक कप्प्यांचं असतं आणि मधल्या कानाला जोडलेलं असतं. त्याच्या आणि मेंदूच्या मध्ये हाडाचा पातळ पडदा. म्हणूनच डोक्याच्या स्कॅनमध्ये कानही दिसतो.

हवा असेल तिथं सीटीमध्ये काळं दिसतं. सर्दी-पडशानंतर कप्प्यांत द्रव साठला की ते राखाडी दिसतं. बऱ्याचदा यात काळजीचं काही नसतं, आणि डोकेदुखीचं कारणही तेच असेल असं नाही. रिपोर्टमध्ये कधी मॅस्टॉयडायटिस असा शब्द येतो, पण नुसत्या चित्रावरून संसर्ग ठरत नाही. त्यासाठी कान तपासावा लागतो.

पण कान बरेच दिवस वाहतोय, घाण वास येतोय, ऐकू कमी येतंय, तर थांबू नका. पडद्यामागे कोलेस्टेटोमा, म्हणजे नको त्या जागी वाढणारी त्वचा असू शकते. ती हाड पोखरते. कानामागे सूज, तोंड वाकडं होणं, गरगरणं, तापासोबत मान आखडणं किंवा बरळणं दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. बाकीच्यांनी रिपोर्ट घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं. सीपीआरसारख्या सरकारी हॉस्पिटलातही हा विभाग असतो. आणि तोवर कानात तेल, काडी काही घालू नका.

वाइल्ड तुरुंगात होता तेव्हाच, नोव्हेंबर १८९५ मध्ये, जर्मनीत रॉन्टगेननं एक्स-रे शोधला. माणसाच्या डोक्याचा पहिला सीटी स्कॅन निघाला १९७१ मध्ये, वँड्सवर्थ तुरुंगापासून काही किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात. वाइल्डला हे काहीच मिळालं नाही. तुमच्या हातात रिपोर्ट आहे, तो डॉक्टरांना दाखवा.